बिबळ्याचे दर्शन : झालान्याहून केरीपर्यंत

केरी या नावाची गावे गोमंतकात एकाहून अधिक आहेत. पेडणे तालुक्यात तेरेखोल नदीच्या मुखाशी, सुरूच्या बनालगत असलेले केरी पर्यटकांस ठाऊक आहे. फोंडा तालुक्यातही एक केरी आहे. प्रस्तुत लेखात ज्या केरीचा उल्लेख आहे ते सत्तरी तालुक्यातील, साखळीहून चोर्ला घाटमार्गे बेळगावास जाणाऱ्या रस्त्यावरील, सह्याद्रीच्या अगदी पायथ्याशी वसलेले गाव होय. अंजुणे धरणाचा विस्तीर्ण जलाशय, काजूच्या बागायती, पोफळीची कुळागरे आणि त्यांच्या माथ्यावर उभी राहिलेली घाटाची भिंत असे या परिसराचे रूप आहे. घाटाच्या या रानात बिबळ्याचा वास पूर्वापार आहे, हे तेथील ग्रामस्थांस निराळे सांगावयास नको.

तरीही शाळांच्या सहलींचे दिवस जवळ आले की या भागातील शिक्षकांकडून एक पृच्छा हमखास होते : मुलांना बिबळ्या खात्रीने दाखवावयाचा असेल तर त्यांना कोठे न्यावे? प्रश्न रास्त आहे. ज्या मुलांच्या अंगणातील कुत्रे बिबळ्याने रात्री उचलून नेले, त्या मुलांनी बिबळ्या केवळ पाठ्यपुस्तकातील चित्रात पाहिलेला असतो. अशा सहलींचे प्रकार कोणते, त्यांत खरोखरी काय दिसते आणि जो प्राणी आपल्या उशाशी आहे त्याच्याविषयी आपणांस काय माहीत असणे अगत्याचे आहे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

सफारी म्हणजे काय?

'सफारी' हा शब्द आफ्रिकेतील स्वाहिली भाषेतून जगभर पसरला. त्याचे मूळ अरबी 'सफर' या शब्दात आहे, आणि तोच शब्द आपणही मराठीत प्रवास या अर्थी वापरतो. म्हणजे शब्द तरी आपल्या घरचाच म्हणावयाचा. आजच्या व्यवहारात मात्र या एकाच नावाखाली अगदी भिन्न गोष्टी मोडतात आणि सहलीची आखणी करणाऱ्यांची त्यामुळे फसगत होते.

पहिला प्रकार प्राणिसंग्रहालयाचा. आपल्या बोंडला अभयारण्यातील प्राणिसंग्रहालय बहुतेक गोमंतकीय विद्यार्थ्यांनी पाहिलेले असते. तेथील प्राणी कुंपणाआड असतात व त्यांचे अन्न माणसाकडून येते. लहान मुलांना ठिपके, मिशा, शेपटी जवळून दाखविण्यास याहून सोयीची जागा नाही. दुसरा प्रकार कुंपणाच्या आतील सफारीचा. बंगळूरनजीक बन्नेरघट्टा येथे २०२४ च्या जूनमध्ये सुमारे २० हेक्टर क्षेत्राला उंच जाळीचे कुंपण घालून बिबळ्यांची सफारी सुरू करण्यात आली. येथे बिबळ्या मोकळा आणि प्रेक्षक बंद वाहनात अशी उलट व्यवस्था असते. अशा ठिकाणी सोडलेले बिबळे बहुधा पिल्लू असतानाच आईवेगळे झालेले, सांभाळून वाढविलेले असतात. दर्शनाची बऱ्यापैकी खात्री असते, परंतु ते दर्शन वन्य बिबळ्याचे नव्हे, ही गोष्ट शिक्षकांनी विद्यार्थ्यांस स्पष्ट सांगावी.

तिसरा प्रकार खऱ्या रानाचा. तेथे बिबळ्याला कोणी आणून सोडलेले नसते. तो आपली शिकार आपण करतो आणि माणसाने वाहनातून जाऊन त्याच्या वाटेवर थांबावयाचे असते. राजस्थानात जयपूर शहराला लागून असलेले झालाना हे वन या प्रकारातील एक प्रसिद्ध ठिकाण आहे. गेल्या नाताळच्या सुटीत सत्तरीतील काही शिक्षकांसमवेत तेथे जाण्याचा योग प्रस्तुत लेखकास आला.

झालान्यातील दोन फेऱ्या

झालाना हे एके काळी जयपूरच्या राजघराण्याचे शिकारीचे रान होते. शिकारीसाठी बांधलेली जुनी 'ओदी' अद्याप तेथे उभी आहे. क्षेत्र अवघे सुमारे २० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या म्हादई अभयारण्याच्या एक-दशांश. एका बाजूस वसाहती, रुग्णालये, कारखाने, आणि मध्ये भिंत. भिंतीच्या आत धोक वृक्षांनी व बाभळींनी झाकलेल्या उघड्या टेकड्या. येथे पट्टेरी वाघ नसल्याने बिबळ्याच या रानाचा धनी आहे. २०१६-१७ च्या सुमारास येथे पर्यटकांच्या वाहनफेऱ्या सुरू झाल्या आणि अल्पावधीतच देशभरातील छायाचित्रकार येथे येऊ लागले. उघड्या जिप्सी गाडीत चालक व वाटाड्या यांसह सकाळ-संध्याकाळ ठरावीक संख्येने फेऱ्या होतात.

आमची सायंकाळची पहिली फेरी कोरडी गेली. नीलगाय दिसली, मोर तर इतके दिसले की अखेरीस कोणी मान वळवीनासे झाले, आणि धुळीत बिबळ्याची ताजी पावले मिळाली. गाडीतील एक-दोघांनी तिकिटाचे पैसे वाया गेल्याची भाषा केली. वाटाड्या हसला व म्हणाला की बिबळ्याने तुम्हांला पाहिले, एवढे खरे.

दुसऱ्या दिवशी सूर्योदयाच्या सुमारास चालकाने अचानक इंजिन बंद केले. आम्हांस काहीच दिसत नव्हते. त्याने कानाकडे बोट नेले. डावीकडच्या झाडीतून टकाचोर पक्षी खरखरीत आवाजात एकसारखा ओरडत होता, आणि त्यात मोराची तुटक हाक मिसळली. हे दोन्ही पक्षी आपल्या रानातही आहेत आणि अशा हाकांचा अर्थ आपल्याकडील गुराख्यांसही कळतो. पाच-सात मिनिटे गेली. मग टेकडीच्या उतारावरील एका खडकाचा एक तुकडा हलला व खाली उतरू लागला. ती मादी होती. ती गाडीपासून वीस-पंचवीस पावलांवर आली, वाट ओलांडताना एका खोडाशी थांबली, शेपटी उंचावून त्यावर मूत्राची फवार सोडली आणि आमच्याकडे दृष्टीही न टाकता पलीकडच्या पिवळ्या गवतात शिरली. गुडघाभर गवत होते. त्यात ती सहा पावलांत नाहीशी झाली. ती कोठे आहे हे ठाऊक असूनही आम्हां आठ माणसांपैकी एकासही ती पुन्हा दिसली नाही.

आमच्यातील एका गुरुजींनी वीस वर्षे केरीच्या परिसरात काढलेली. त्यांनी आयुष्यात प्रथमच बिबळ्या पाहिला, आणि तोही घरापासून दीड हजार किलोमीटरहून अधिक दूर. परतताना त्यांनी वाटाड्याला विचारले की भिंतीबाहेरच्या वस्तीतील जनावरांचे काय? कुत्री जातात, असे उत्तर मिळाले. गुरुजी म्हणाले, "म्हणजे आमच्यासारखेच."

तोच प्राणी येथे का दिसत नाही?

झालान्यात बिबळ्या दिसतो याची कारणे साधी आहेत. झाडोरा विरळ, गाडीवाटांचे जाळे दाट, उन्हाळ्यात पाणी मोजक्या पाणवठ्यांवर, आणि गाडी हा आपल्याला इजा न करणारा एक प्रकारचा निर्बुद्ध प्राणी आहे अशी तेथील बिबळ्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. आमच्या म्हादई अभयारण्यात यांपैकी एकही गोष्ट नाही. १९९९ साली घोषित झालेले हे २०८ चौरस किलोमीटरचे अभयारण्य सदाहरित व निमसदाहरित वृक्षांचे, बांबूचे, कारवीचे आहे. पावसाळ्यानंतर त्यात दहा पावलांपलीकडचे दिसत नाही. त्याचा एक कड कर्नाटकातील भीमगड अभयारण्याला भिडलेला, आणि उत्तरेकडे सिंधुदुर्गातील तिळारीचे रान. या सर्व पट्ट्यात बिबळ्या फिरतो. राज्याची हद्द त्याला ठाऊक असण्याचे कारण नाही.

मग त्याची मोजदाद कशी होते? जनावरांच्या वाटेवर दोन्ही बाजूंस स्वयंचलित कॅमेरे लावतात. ऊब व हालचाल जाणवताच ते छायाचित्र घेतात. बिबळ्याच्या अंगावरील गुलाबाकृती ठिपक्यांची मांडणी माणसाच्या अंगठ्याच्या ठशाप्रमाणे प्रत्येकाची वेगळी असते, आणि डाव्या कुशीची उजवीशी जुळत नाही, म्हणून कॅमेरे दोन्ही अंगांस लावावे लागतात. केंद्र शासनाने २०२४ च्या फेब्रुवारीत प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात अंदाजे १३,८७४ बिबळे होते. त्यांत मध्य प्रदेशात ३,९०७, महाराष्ट्रात १,९८५ आणि गोव्यात ७७. त्यापूर्वीच्या २०१८ च्या अंदाजात गोव्याचा आकडा ८६ होता. ही गणना मुख्यतः वाघांच्या अधिवासातील वनक्षेत्रापुरती केलेली असते. गावालगतच्या बागायतीत, माळरानात वावरणारा बिबळ्या तीत सहसा येत नाही. म्हणून या आकड्यावरून कोणी आपल्या कुळागरात बिबळ्या नाही असा निष्कर्ष काढू नये.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख करणे आवश्यक वाटते. वृत्तपत्रांतून व बोलण्यातून पुष्कळदा बिबळ्याला 'चित्ता' म्हटले जाते. चित्ता हा सडपातळ, उंच पायांचा, मोकळ्या मैदानात धावणारा वेगळाच प्राणी. त्याचे ठिपके भरीव असतात व डोळ्यांपासून तोंडापर्यंत काळी रेघ उतरलेली असते. भारतातून तो नामशेष झाल्याचे १९५२ साली घोषित झाले आणि २०२२ पासून मध्य प्रदेशातील कुनो येथे आफ्रिकेतील चित्ते आणून सोडण्यात आले आहेत. सत्तरीत चित्ता येण्याचा प्रश्नच नाही. तसेच काळा बिबळ्या ही निराळी जात नव्हे. एकाच विणीत पिवळे व काळे अशी दोन्ही रंगांची पिल्ले होऊ शकतात, आणि उन्हात पाहिल्यास काळ्याच्या अंगावरही ठिपके दिसतात. २०२० च्या मे महिन्यात नेत्रावळी अभयारण्यातील काळ्या बिबळ्याचे छायाचित्र प्रसिद्ध झाले होते, हे अनेकांस स्मरत असेल.

मातीवरील अक्षरे

शिक्षकांना आमची एक सूचना आहे. गाडी भाड्याने घेण्यापूर्वी मुलांना एकदा सकाळी गावच्या कच्च्या वाटेने न्यावे. अर्थात ऊन वर आल्यावर, गटाने आणि वनरक्षकास सोबत घेऊन. बिबळ्याच्या पावलात चार बोटे व मागे गादी उमटते. गादीच्या मागच्या कडेला तीन उंचवटे असतात, आणि नखे उमटत नाहीत, कारण चालताना तो नखे आत घेतो. कुत्र्याच्या पावलात नखांची टोके स्पष्ट दिसतात. बिबळ्याचे पाऊल साधारण ७ ते ८ सेंटिमीटर रुंद भरते. पट्टेरी वाघाचे यापेक्षा पुष्कळ मोठे असते. रात्री दूरवरून करवतीने लाकूड कापल्यासारखा खर-खर आवाज लयीत आला तर तो बिबळ्याचा समजावा. वानरांचे खेकसणे, सांबराची 'ढोंक' अशी हाक, रानकोंबड्यांचा कल्लोळ, यांचेही अर्थ गावातील वृद्ध मंडळी मुलांना सांगू शकतील. हे ज्ञान पुस्तकांत थोडे आणि माणसांत अधिक आहे, आणि ती माणसे आता थकत चालली आहेत.

गोमंतकाच्या लोकजीवनात या प्राण्याला जागा आहे. 'वाघ्रो' या नावाने वाघाच्या पाषाणमूर्ती येथे पुजल्या जातात, सत्तरीत डोंगराचे नावच वाघेरी आहे. केरीत 'आजोबाची तळी' म्हणून ओळखली जाणारी देवराई लोकश्रद्धेने राखली गेली.

आजोबा नावाचा बिबळ्या

'आजोबा' या नावावरून एका बिबळ्याची हकीकत आठवते. २००९ च्या एप्रिलमध्ये तत्कालीन अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील टाकळी ढोकेश्वरनजीक एक प्रौढ नर बिबळ्या विहिरीत पडला. वनविभागाने त्याला वर काढले. शास्त्रज्ञ विद्या अत्रेय यांच्या चमूने त्याच्या गळ्यात उपग्रहाशी संपर्क साधणारा पट्टा बांधून त्याला माळशेज घाटात सोडले. स्वभावाने शांत म्हणून त्याचे नाव 'आजोबा' पडले. पुढच्या काही आठवड्यांत आजोबा सुमारे १२० किलोमीटर चालून थेट मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोहोचला. वाटेत त्याने आग्रा महामार्ग ओलांडला, कसाऱ्याजवळ लोहमार्ग ओलांडला, वसईची खाडी पोहून पार केली. दिवसा तो झुडपांत पडून राही, रात्री वस्त्यांजवळून चाले, आणि या संपूर्ण प्रवासात त्याने एकाही माणसास इजा केली नाही. पुष्कळ ठिकाणी तर तो गेल्याचे कोणास कळलेही नाही. २०११ च्या डिसेंबरात घोडबंदर रस्त्यावर वाहनाची धडक बसून तो मेला. शेपटीतील सूक्ष्म चकतीवरून त्याची ओळख पटली. त्याच्यावर २०१४ साली 'आजोबा' हा मराठी चित्रपट निघाला.

या हकीकतीचा उपयोग एका वारंवार होणाऱ्या मागणीचा विचार करताना होतो. गावात बिबळ्या दिसला की दुसऱ्या दिवशी पंचायतीत ठराव होतो : पिंजरा लावा आणि त्याला दूर नेऊन सोडा. मागणी स्वाभाविक आहे. परंतु जुन्नर भागात २००१ पासून असे पकडलेले बिबळे दूरच्या वनांत नेऊन सोडण्यात आले, तेव्हा माणसांवरील हल्ले कमी होण्याऐवजी चौपटीच्या आसपास वाढले, असे पुढील अभ्यासात आढळून आले. कारण उघड आहे. अनोळखी मुलखात टाकलेला, पिंजऱ्यात जखमी झालेला, बिथरलेला प्राणी परत घराकडे निघतो. आणि त्याची मोकळी झालेली जागा काही दिवसांत दुसरा, बहुधा तरुण व अननुभवी बिबळ्या घेतो. ओळखीचा शेजारी घालवून अनोळखी आणावा, तसे हे होते.

तथापि या प्राण्यापासून धोका नाही असे सांगणे वस्तुस्थितीस धरून होणार नाही. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात बिबळ्याच्या हल्ल्यांत लहान मुलेही दगावली. ऊसशेतीच्या त्या प्रदेशाची परिस्थिती सत्तरीहून वेगळी आहे. तरीही मुलाला अंधारात एकटे पाठवू नये, शेतात खाली वाकून काम करताना सोबत असावी, रात्री फिरताना विजेरी व बोलणे चालू असावे, एवढी दक्षता कोठेही घ्यावयास हवी. वाकलेला वा बसलेला माणूस उंचीने जनावरासारखा भासतो, हे ध्यानी ठेवावे. बिबळ्या समोर आल्यास पळू नये. उभे राहून, आवाज करीत, त्याला जाण्यास वाट ठेवून हळूहळू मागे सरावे.

फासकी

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख मुख्यत्वे लिहावयास घेतला तिच्याकडे वळू. आपल्या भागात बिबळ्याच्या जिवावर उठणारी सर्वांत मोठी वस्तू बंदूक नव्हे. ती दुचाकीच्या ब्रेकची तार आहे.

रानडुकराच्या वाटेवर, कुंपणाच्या भगदाडात, या तारेचा सरकफास करून टांगतात. यालाच फासकी म्हणतात. डुक्कर त्यात मान घालील अशी अपेक्षा असते. परंतु तार कोणाची मान हे पाहत नाही. बिबळ्या त्याच वाटेने येतो आणि कमरेत अडकतो. सुटण्यासाठी तो जितका झटतो तितकी तार मांसात रुतते. पोटातील अवयव चिरडतात. सकाळी गावकरी जमतात, भ्रमणध्वनीवर चित्रीकरण करण्यासाठी गर्दी पुढे सरकते, प्राणी आणखी झटतो. बेशुद्धीचे औषध बाणातून दिल्यानंतर त्याचा अंमल चढण्यास दहा-पंधरा मिनिटांची शांतता लागते, आणि नेमकी तीच मिळत नाही. वरवर सुखरूप सुटलेले बिबळेही आतल्या जखमांनी पुढे मरतात. याच क्षणी माणूस जखमी होण्याचा संभवही सर्वाधिक असतो, कारण तार तुटली की तो समोर दिसेल त्याच्यावर झेपावतो. अशा प्रसंगी गावातील जाणत्या मंडळींनी दोर धरून माणसे शंभर पावलांवर रोखून धरली, तर ते वनखात्यास सर्वांत मोठे साहाय्य होय.

फासकी लावणाऱ्याचे म्हणणे असे असते की आम्ही वाघ मारावयास गेलो नव्हतो. ते खरेही असेल. परंतु वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये बिबळ्या हा पहिल्या अनुसूचीतील प्राणी आहे. त्याची शिकार केल्यास ३ ते ७ वर्षांपर्यंतच्या कारावासाची व दंडाची शिक्षा आहे, आणि रानडुकरासाठी फासकी लावणे हाही मुळात गुन्हाच आहे. २००९ साली याच केरीच्या रानात पट्टेरी वाघ मारला गेल्याचे प्रकरण उघडकीस आले आणि गावाचे नाव देशभर त्या एका कारणासाठी पोहोचले. त्या वेळी गावातील किती सज्जनांना मान खाली घालावी लागली असेल!

डुकराचे गाऱ्हाणे मात्र खोटे नाही. एका रात्रीत कंदमुळे उकरली जातात, भात लोळवले जाते, माडाची रोपे उपटली जातात. कष्टकऱ्याला हे सोसवत नाही, आणि त्याला केवळ कायद्याचे कलम वाचून दाखविणे हे प्रसिद्धी अधिकाऱ्याला शोभत असले तरी पुरेसे नाही. पीकनुकसानीचा व जनावरांच्या हानीचा अर्ज वेळेवर निकालात निघाला, तर फासकीची तार दुकानातच राहते. अर्ज पडून राहिल्यास काय होते, हे आम्ही अधिकाऱ्यांनीही विसरता कामा नये. २०२० च्या जानेवारीत याच सत्तरीतील गोळावली येथे एक वाघीण व तिचे तीन बछडे विषबाधेने मृत सापडले. गुरे मारली गेल्याच्या रागातून ते घडल्याचे त्या वेळी पुढे आले होते.

म्हणून भरपाईची रीत येथे सांगून ठेवतो. जनावर मारले गेल्यास ते जागेवरून हलवू नये, त्याला पाने वा ताडपत्री घालून ठेवावे व तत्काळ जवळच्या वनरक्षकास किंवा परिक्षेत्र कार्यालयास कळवावे. शक्य तर जखमांचे व भोवतालच्या पावलांचे छायाचित्र घ्यावे. वनकर्मचारी पंचनामा करतात, पशुवैद्यकाचा दाखला लागतो, आणि त्यावरून प्रकरण पुढे जाते. मृत जनावर पुरून टाकल्यावर केलेला अर्ज सिद्ध करणे कठीण होते. पुष्कळ दावे येथेच बारगळतात. पंचायत सचिवांनी अर्जाची पोच देण्याचा व नोंदवहीत तारीख टाकण्याचा प्रघात ठेवल्यास ग्रामस्थांच्या हाती काही पुरावा राहील.

गोठ्याचे म्हणाल तर छप्पर व दार दोन्ही बंद होणारी जागा असेल तर बिबळ्या सहसा प्रयत्न करीत नाही. अर्ध्या भिंतीचा गोठा त्याला निमंत्रणच आहे. उघड्यावर टाकलेल्या मांसाच्या व खानावळीच्या कचऱ्यावर भटकी कुत्री पोसली जातात, आणि कुत्र्यांमागोमाग बिबळ्या येतो. महाराष्ट्रातील अकोले तालुक्यात केलेल्या अभ्यासात बिबळ्यांच्या आहाराचा सर्वांत मोठा भाग कुत्र्यांचा असल्याचे दिसून आले. म्हणजे ज्या गावाला बिबळ्याचा त्रास कमी करावयाचा आहे त्याने आधी कचऱ्याकडे पाहावे. हा सल्ला रुक्ष वाटेल, पण त्याला खर्च सर्वांत कमी येतो.

काजूच्या हंगामात झाडोऱ्यात पिल्ले आढळण्याचा प्रसंग येतो. त्यांना हात लावू नये, घरी आणू नये. आई शिकारीस गेलेली असते व अंधार पडल्यावर परतते. जुन्नर भागात शेतात सापडलेली पिल्ले वनविभागाने त्याच जागी ठेवल्यावर मादीने रात्री येऊन नेल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. उलट, पिल्लू उचलून नेल्यास शोध घेणारी आई वस्तीभोवती घिरट्या घालते, आणि पिल्लाला उरलेले आयुष्य वर सांगितलेल्या कुंपणाच्या सफारीत किंवा पिंजऱ्यात काढावे लागते.

जयपूरहून परतल्यावर महिनाभराने आमच्या गुरुजींनी कळविले म्हणून प्रस्तुत लेखक केरीस गेला. अंजुणे जलाशयाकडे उतरणाऱ्या मातीच्या वाटेवर सातवीचा वर्ग वनरक्षकाभोवती कोंडाळे करून उभा होता. आदल्या रात्रीच्या दवाने माती ओलसर होती व पावले कोरल्यासारखी उमटलेली. एका मुलीने पट्टी लावून मोजले : साडेसात सेंटिमीटर. नखे नाहीत. पावलांची रांग कुळागराच्या कुंपणापर्यंत जात होती, तेथे काही वेळ घुटमळलेली दिसत होती आणि मग ओहोळाकडे वळली होती. कुंपणात जेथे ती थांबली होती तेथील भगदाडात एक तार लोंबत होती. वनरक्षकाने ती सोडवून गुंडाळी केली व खिशात घातली. बागायतीच्या मालकाने ती आपली नसल्याचे सांगितले, आणि भगदाड बुजविण्यासाठी तो कोयता घेऊन बांबू तोडावयास गेला. वनरक्षक पुढील कुंपण पाहत चालू लागला, आणि मुले त्याच्या मागोमाग.